अनोळखी रक्कम आणि पहिले तीन दिवस

क्रेडिट कार्डाच्या बिलात ओळखू न येणारी रक्कम दिसली की बहुतेक घरांत पहिले एकदोन दिवस विचारपूस करण्यातच जातात. बायको म्हणते, मी काही घेतलं नाही. पुण्याला शिकणारा मुलगा फोन उचलत नाही. मग ठरतं की सोमवारी बँकेत जाऊन बघू. सोमवारी परतूरच्या किंवा अंबडच्या शाखेत रांग लावल्यावर सांगितलं जातं की क्रेडिट कार्डाचं काम शाखेतून होत नाही, कार्डाच्या मागच्या नंबरवर फोन करायचा असतो. तोवर चार दिवस उलटलेले असतात.

हे चार दिवस महागात पडू शकतात. बँकेच्या नियमांत सगळी मोजदाद दिवसांची आहे, आणि ती तुम्ही शाखेत पोहोचता तेव्हा सुरू होत नाही. बँकेचा मेसेज किंवा बिल तुमच्याकडे आलं, तेव्हाच ती सुरू झालेली असते. म्हणून माझं सांगणं एवढंच आहे: घरातली विचारपूस अर्ध्या तासात उरका, आणि तेवढ्यात रक्कम ओळखीची निघाली नाही तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, कार्ड ब्लॉक करून तक्रार नोंदवा. बाकीचा तपास नंतर होतो. पुढे ती रक्कम आपलीच निघाली, तर तक्रार मागे घेता येते. उशिरा केलेली तक्रार मात्र वेळेत केल्यासारखी दाखवता येत नाही.

अर्धा तास तरी का द्यायचा, हेही सांगायला हवं. अनोळखी वाटणाऱ्या बऱ्याचशा रकमा खरं तर आपल्याच असतात, फक्त नाव परकं असतं. दुकानाच्या पाटीवर एक नाव असतं आणि कार्ड मशीन ज्या फर्मच्या खात्याला जोडलेलं असतं तिचं नाव दुसरंच असतं. मोंढ्यातल्या कृषी सेवा केंद्रातून तुम्ही बियाणं घेता, बिलात मात्र मालकाच्या आडनावाची ‘ट्रेडर्स’ किंवा ‘एंटरप्रायजेस’ दिसते. छत्रपती संभाजीनगर रस्त्यावरच्या पंपावर तेल कंपनीचा मोठा फलक असतो, पण पैसे जातात पंपचालकाच्या फर्मला. ऑनलाइन खरेदीत तर विक्रेत्याऐवजी मधल्या पेमेंट कंपनीचं नाव येतं: रेझरपे, पेयू, बिलडेस्क, सीसीअव्हेन्यू अशी नावं. सोबत गावाचं नाव बंगळूरू किंवा गुरुग्राम पडलं की माणूस आणखी गोंधळतो, कारण तो तर त्या दिवशी भोकरदनमध्ये होता.

रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडलेलं असेल तर गोंधळ वाढतो. क्यूआर कोड ज्याच्या नावाने नोंदवलेला असतो त्या माणसाचं नाव बिलात येतं. रसवंतीवाल्याचं किंवा चप्पलच्या दुकानदाराचं पूर्ण नाव आपल्याला कुठे ठाऊक असतं? अशा वेळी यूपीआय ॲपमधला त्या दिवसाचा इतिहास काढला की वेळ आणि रक्कम जुळून उलगडा होतो. समृद्धी महामार्गावर नेहमी ये-जा असेल आणि फास्टॅगला कार्डातून आपोआप रिचार्ज लावून ठेवलेला असेल, तर टोलनाक्याऐवजी फास्टॅग देणाऱ्या बँकेचं किंवा वॉलेटचं नाव दिसेल.

तारखेकडेही नीट पाहा. व्यवहार केला ती तारीख आणि तो खात्यावर चढला ती तारीख यांत दोनतीन दिवसांचा फरक पडू शकतो. शनिवारी केलेली खरेदी बिलात मंगळवारची दिसते आणि मंगळवारी तर मी कुठेच गेलो नव्हतो, असं वाटून जातं.

काही रकमा बँकेनेच लावलेल्या असतात. वार्षिक शुल्क, उशिराचा दंड, हप्ते पाडून घेतले असतील तर त्याचं प्रक्रिया शुल्क, व्याज, आणि या सगळ्यांवर १८ टक्के जीएसटी. पेट्रोलवरचा सरचार्ज अनेक कार्डांवर परत मिळतो, पण बिलात तो आधी लागलेला आणि नंतर वजा झालेला असा दोन ओळींत दिसतो. परदेशी संकेतस्थळावरून खरेदी केली तर चलनबदलाचं शुल्क वेगळं लागतं. फोनवरून विकलेला विमा किंवा ‘कार्ड सुरक्षा योजना’ असल्या गोष्टींची रक्कमही अशीच मध्ये घुसलेली सापडते. त्यासाठी तुमची स्पष्ट संमती लागते. फोनवर नुसतं ‘हो, हो’ म्हटलं होतं की खरंच संमती दिली होती, हे बँकेकडे लेखी विचारा आणि पुरावा मागा.

दर महिन्याला आपोआप जाणाऱ्या वर्गणीचं प्रकरण वेगळं आहे. मोफत महिनाभर म्हणून एखादं चित्रपटांचं किंवा अभ्यासाचं ॲप घेतलं जातं, मुलांच्या फोनवर गेम असतो, आणि महिना संपला की पैसे कटायला लागतात. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेचा नियम असा आहे की अशी आवर्ती वसुली सुरू करताना ओटीपी लागतो आणि प्रत्येक वेळी पैसे कापण्याआधी किमान २४ तास ग्राहकाला सूचना द्यावी लागते. दर वेळचा ओटीपी न मागता कापता येणारी रक्कम बहुतेक व्यवहारांत १५ हजारांपर्यंत आहे. म्हणून फोनच्या मेसेजमध्ये आदल्या दिवसाची अशी सूचना आहे का ते शोधा. सापडली तर ती फसवणूक नव्हे. बँकेच्या ॲपमध्ये जाऊन ती परवानगी रद्द करायची आणि विक्रेत्याकडे पैसे मागायचे. घरात कुणाला ॲड-ऑन कार्ड दिलेलं असेल तर त्याचेही व्यवहार तुमच्याच बिलात येतात, तेही या अर्ध्या तासातच विचारून घ्या.

इथे एक फरक मनात पक्का असावा, कारण तक्रार अर्जात बँक पहिल्यांदा तोच विचारते. व्यवहार मी केलाच नाही, ही एक तक्रार. व्यवहार मी केला, पण दोनदा पैसे कटले, माल आला नाही, परत केलेल्या मालाचे पैसे जमा झाले नाहीत, रक्कम चुकीची लावली, ही दुसरी. पहिली फसवणुकीची आहे आणि तिला खाली सांगितलेलं संरक्षण मिळतं. दुसरी विक्रेत्याशी असलेल्या वादाची आहे. तिच्यात आधी विक्रेत्याला लेखी कळवावं लागतं, पावती आणि संदेश जोडावे लागतात, आणि मग बँक व्हिसा, मास्टरकार्ड किंवा रुपेच्या नियमांनुसार पैसे परत मागते. त्यालाही ठरावीक मुदत असते. लवकर पैसे मिळतील या आशेने दुसऱ्या प्रकारची तक्रार पहिल्या प्रकारात टाकू नका. तुमच्याच फोनवरचा ओटीपी आणि तुमच्याच घरचा पत्ता विक्रेत्याने पुढे केला की तक्रार फेटाळली जाते, आणि मग खऱ्या गाऱ्हाण्यावरचा विश्वासही जातो. दुकानात मशीनवर कार्ड चालवलं, पैसे कटले पण व्यवहार झाल्याची पावतीच निघाली नाही, यासाठी वेगळा नियम आहे. सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार ती रक्कम पाच दिवसांत आपोआप परत यायला हवी, आणि त्यापुढे उशिराच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई आहे.

आता मुख्य नियमाकडे. ६ जुलै २०१७ रोजी रिझर्व्ह बँकेने एक परिपत्रक काढलं. ग्राहकाच्या संमतीशिवाय झालेल्या इलेक्ट्रॉनिक व्यवहारांत ग्राहकावर किती बोजा टाकायचा, याची चौकट त्यात आहे. चूक किंवा हलगर्जी बँकेची असेल तर ग्राहकावर शून्य बोजा, मग त्याने कधीही कळवलेलं असो. चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही, कुठेतरी तिसरीकडूनच माहिती फुटली, अशा वेळी बँकेचा मेसेज मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर पुन्हा शून्य. चौथ्या ते सातव्या दिवसात कळवलं तर पाच लाखांपर्यंत मर्यादा असलेल्या क्रेडिट कार्डावर प्रत्येक व्यवहारामागे जास्तीत जास्त १० हजार रुपये, त्याहून मोठ्या मर्यादेच्या कार्डावर २५ हजार. सात दिवस उलटले की बँकेचं स्वतःचं धोरण जे म्हणेल ते. मेसेज मिळाला तो दिवस मोजायचा नाही. म्हणजे गुरुवारी मेसेज आला आणि पुढे दुसरा शनिवार असेल, तर शुक्रवार पहिला, सोमवार दुसरा आणि मंगळवार तिसरा. ही सवलत हाताशी आहे म्हणून मंगळवारपर्यंत थांबायचं, असा अर्थ मात्र कुणी काढू नये. तेवढ्या वेळात त्याच कार्डावरून आणखी रकमा जाऊ शकतात. असे नियम वेळोवेळी सुधारले जातात, म्हणून तुमच्या बँकेच्या संकेतस्थळावर ‘ग्राहक दायित्व धोरण’ या अर्थाचं जे कागदपत्र असतं ते एकदा उघडून आजचे आकडे पाहून ठेवा.

याच परिपत्रकात आणखी तीन गोष्टी आहेत, आणि त्या ग्राहकांना फार कमी ठाऊक असतात. तक्रार मिळाल्यापासून दहा कामकाजाच्या दिवसांत बँकेने वादातली रक्कम तात्पुरती जमा करायची असते. ९० दिवसांत तक्रारीचा निकाल लावायचा असतो, आणि क्रेडिट कार्डाच्या बाबतीत त्या रकमेवरच्या व्याजाचा भार ग्राहकावर पडता कामा नये. आणि सर्वांत महत्त्वाचं: ग्राहकाची चूक होती हे सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेची आहे.

हे शब्द कागदावरच राहत नाहीत, हे मुंबई उच्च न्यायालयाने जून २०२४ मध्ये दाखवून दिलं. १ ऑक्टोबर २०२२ रोजी मुंबईतल्या एका आयुर्वेदिक औषध कंपनीच्या बँक ऑफ बडोदातल्या खात्यातून ७६ लाखांहून अधिक रक्कम परस्पर गेली. पैसे कुणाला पाठवायचे त्यांची नावं खात्याला जोडली गेली, पण त्यासाठीचा ओटीपी खातेदाराला आलाच नव्हता. त्यांनी लगेच बँकेला आणि सायबर पोलिसांना कळवलं. बँकेने हात वर केले, बँकिंग लोकपालानेही तक्रार फेटाळली. उच्च न्यायालयाने २०१७ च्या याच परिपत्रकावर बोट ठेवून लोकपालाचा आदेश रद्द केला आणि पैसे परत करायला सांगितलं. प्रकरण कार्डाचं नव्हतं, खात्याचं होतं, पण नियम तोच. खातेदाराने केलेली घाई त्याच्या किती उपयोगी पडली, तेही यात दिसतं.

‘कार्ड तर माझ्या खिशातच आहे, मग पैसे कसे गेले?’ हा प्रश्न नेहमी येतो. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर सायबर हल्ला झाला, तेव्हा खरी कार्डं ग्राहकांच्या खिशातच होती. त्यांच्या नकली प्रतींनी २८ देशांतल्या एटीएममधून पैसे काढले गेले आणि बँकेला एकूण सुमारे ९४ कोटींचा फटका बसला. क्रेडिट कार्डाच्या बाबतीत तर प्रतीचीही गरज नसते. क्रमांक, मुदत आणि मागचे तीन आकडे कुणाच्या हाती लागले, तर परदेशातल्या अनेक संकेतस्थळांवर ओटीपीशिवाय व्यवहार होतो. म्हणून मध्यरात्री डॉलरमध्ये गेलेली छोटी रक्कम दिसली तर ‘जाऊ दे, पन्नास-साठच रुपये आहेत’ असं म्हणू नका. कार्ड चालतं की नाही हे आधी लहान रकमेने तपासायचं आणि मग मोठी रक्कम ओढायची, ही चोरांची जुनी पद्धत आहे.

प्रत्यक्ष तक्रार कशी करायची? आधी कार्ड ब्लॉक. बँकेच्या ॲपमध्ये ते दोनचार बटणांचं काम आहे. ॲप नसेल तर कार्डाच्या मागे छापलेल्या क्रमांकावर फोन. कस्टमर केअरचा नंबर गूगलवर शोधून लावू नका, तिथे भामट्यांनी स्वतःचे नंबर पेरून ठेवलेले असतात आणि घाबरलेला माणूस आपणहून त्यांच्या तावडीत सापडतो. बँकेच्या संकेतस्थळाचा पत्ता ‘डॉट बँक डॉट इन’ने संपतो का तेही पाहा. देशातल्या बँकांनी ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत या पत्त्यावर यावं, असं रिझर्व्ह बँकेने ठरवून दिलं होतं. बँकेनेच दिलेल्या कार्डांसाठी गृहशाखेत जाऊनही तक्रार देता येते, तो ग्राहकाचा हक्क आहे. पण काही कार्डं बँकेच्या नावाची असली तरी ती देणारी कंपनी वेगळी असते. एसबीआय कार्ड ही स्टेट बँकेपेक्षा वेगळी कंपनी आहे, बॉबकार्डचंही तसंच. अशा कार्डाची तक्रार घेऊन घनसावंगी किंवा मंठ्याच्या शाखेत गेलात तर तिथला कर्मचारी मनात असूनही काही करू शकत नाही. कार्ड कुणाचं आहे, हे कार्डाच्या मागच्या बारीक अक्षरांत वाचून आजच फोनमध्ये लिहून ठेवा.

फोनवर बोलणं झालं की तक्रार क्रमांक मागून घ्या. तो दिला नाही तर फोन ठेवू नका. मग त्याच दिवशी ईमेल करा, म्हणजे तारीख आणि वेळ लेखी राहते. भाषा साधी असावी. उदाहरणार्थ: ‘माझ्या क्रेडिट कार्डावर, ज्याचे शेवटचे चार आकडे अमुक आहेत, अमुक तारखेला अमुक नावाने अमुक रुपयांचा व्यवहार दिसत आहे. हा व्यवहार मी किंवा माझ्या ॲड-ऑन कार्डधारकाने केलेला नाही. मी ओटीपी, पिन किंवा कार्डाची माहिती कुणालाही दिलेली नाही. कार्ड माझ्या ताब्यात आहे. याबाबत मला बँकेचा मेसेज अमुक तारखेला व वेळेला मिळाला. मी अमुक वेळी फोन करून कार्ड ब्लॉक केले असून तक्रार क्रमांक अमुक आहे. वादातील रक्कम तात्पुरती जमा करावी, तिच्यावर व्याज व दंड लावू नये, आणि हा व्यवहार कोणत्या पद्धतीने प्रमाणित झाला त्याचा पुरावा मला द्यावा.’ यातलं जे खरं नसेल ते वाक्य काढून टाका. मेसेजचा आणि बिलाचा फोटो जोडा. पूर्ण कार्ड क्रमांक, सीव्हीव्ही किंवा पिन ईमेलमध्ये कधीही लिहू नका.

फसवणुकीची शंका असेल तर यासोबत १९३० हा राष्ट्रीय क्रमांक लावा, किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार भरा. ही यंत्रणा चोरलेले पैसे ज्या खात्यात किंवा वॉलेटमध्ये गेले असतील तिथे ते थांबवायचा प्रयत्न करते. पैसे पुढे दहा खात्यांत पसरायच्या आत कळवलं तरच तिचा उपयोग, म्हणून इथे दिवस नव्हे तर तास महत्त्वाचे. रक्कम मोठी असेल तर पोलिसांत जा. जालन्यात सायबर पोलीस ठाणं आहे. पण तिथपर्यंत जाणं लगेच शक्य नसेल, तर जाफराबादचा माणूस जाफराबादच्या ठाण्यात आणि शहरातला माणूस कदीम जालना, सदर बाजार किंवा चंदनझिरा ठाण्यात तक्रार देऊ शकतो. हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी प्रक्रिया कायद्यात गुन्हा कुठेही घडला असला तरी माहिती नोंदवून घेण्याची तरतूद स्पष्टपणे आहे. बँकेने एफआयआरची प्रत मागितली तर द्या, पण ती मिळेपर्यंत बँकेतली तक्रार अडवून ठेवू नका.

आता बिल भरण्याचा प्रश्न. इथे रागाच्या भरात लोक स्वतःचंच नुकसान करून घेतात. ‘आधी माझे पैसे परत करा, मगच बिल भरतो’ असं म्हणून सगळं बिल थकवलं तर तुमच्या खऱ्या खरेदीवर व्याज चढतं, आणि क्रेडिट कार्डाचं व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या घरात, म्हणजे वर्षाला चाळीस टक्क्यांच्या वर जातं. जेवढं तुम्ही वापरलं तेवढं पूर्ण आणि वेळेत भरा. वादातली रक्कम बाजूला ठेवली आहे, असं बँकेला लेखी कळवा. बचत खात्यातून पूर्ण बिल आपोआप वळतं करण्याची सूचना दिलेली असेल, तर वादातली रक्कमही वळती होईल. तेव्हा ती सूचना थांबवून घ्या. कार्ड देणाऱ्या संस्थांसाठी २०२२ चे जे निर्देश आहेत, त्यांनुसार ग्राहकाने बिलाला हरकत घेतली तर ३० दिवसांत खुलासा आणि लागेल तिथे कागदोपत्री पुरावा द्यावा लागतो. ग्राहक फसवणूक म्हणतो त्या व्यवहारावर निकाल लागेपर्यंत शुल्क लावता येत नाही. वाद प्रलंबित असताना ग्राहकाला थकबाकीदार म्हणून सिबिलसारख्या पतमाहिती संस्थांकडे कळवू नये, असंही त्यात आहे. मोसंबीच्या बागेला पीककर्ज किंवा मुलीच्या शिक्षणाचं कर्ज काढायचं असेल, त्या घराला हे शेवटचं वाक्य सोन्याचं आहे. वसुलीवाल्याचा फोन आला तर तक्रार क्रमांक सांगा आणि या निर्देशांचा उल्लेख करा.

रक्कम तात्पुरती जमा झाली म्हणजे प्रकरण संपलं, असं समजू नका. निकाल विरुद्ध गेला तर ती परत वजा होते. तोवर ती खर्चू नका, आणि बँकेने कागद मागितले तर दिलेल्या मुदतीत द्या.

बऱ्याच तक्रारींना एका वाक्यात उत्तर येतं: व्यवहार ओटीपीने झाला आहे, म्हणून जबाबदारी तुमची. इथे खरं काय ते सांगणं गरजेचं आहे. ओटीपी तुम्ही स्वतः कुणाला सांगितला असेल, तर कळवण्याच्या क्षणापर्यंतचं नुकसान तुमच्यावर पडतं, असं परिपत्रकच म्हणतं. पण कळवल्यानंतर जे काही जाईल ते बँकेवर. म्हणून ओटीपी दिला गेला या लाजेने गप्प बसणारा माणूस दुहेरी बुडतो. शेतकऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटांत पीएम किसानच्या नावाने, वाहनचालकांकडे आरटीओच्या दंडाच्या नावाने एपीके फाइल येते. ती एकदा उघडली की फोनवरचे मेसेज दुसरीकडे वाचले जातात. अशा माणसाने ओटीपी कुणाला ‘सांगितलेला’ नसतो. तसं घडलं असेल तर तक्रारीत ते स्पष्ट लिहा, फोनचं इंटरनेट बंद करा, आणि तो फोन पुसून टाकण्याआधी पोलिसांना दाखवा. ३ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आसाममधल्या अशाच एका प्रकरणात स्टेट बँकेचं अपील फेटाळलं. ग्राहक सेवा केंद्राचा माणूस असल्याचं भासवून ग्राहकाला ॲप उतरवायला लावलं गेलं होतं आणि ९४ हजारांवर रक्कम गेली होती. ग्राहकाने २४ तासांच्या आत कळवलं होतं. असे व्यवहार ओळखून रोखण्याची जबाबदारी बँकेला टाळता येणार नाही, असं न्यायालयाने सांगितलं, आणि ग्राहकांनीही ओटीपी जपावा हेही सांगितलं.

बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. शुल्क नाही, वकील लागत नाही. रिझर्व्ह बँकेच्या तक्रार पोर्टलवर अर्ज भरता येतो, आणि ज्यांना ते जमत नाही त्यांनी चंदीगडच्या सेक्टर १७ मधल्या रिझर्व्ह बँकेच्या केंद्रीय तक्रार स्वीकृती केंद्राकडे टपालाने पाठवावं. तिथे कोणत्याही भाषेतली तक्रार घेतली जाते, म्हणजे मराठीतलीही. १४४४८ या क्रमांकावर मराठीत माहितीही मिळते. बँकेकडे केलेली तक्रार, तिची तारीख आणि आलेलं उत्तर एवढे कागद सोबत हवेत. आधी बँकेत तक्रार न करता थेट लोकपालाकडे गेलं तर अर्ज परत येतो.

याशिवाय जालन्यात जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग आहे. २०१९ च्या कायद्याने ग्राहकाला तो राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, मग बँकेचं मुख्यालय मुंबईत असो की चेन्नईत. दोन वर्षांची मुदत आहे, आणि पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या प्रकरणांत शुल्क लागत नाही. एकाच वेळी दोन्हीकडे धाव घेऊ नका. आयोगात प्रकरण चालू असेल तर लोकपाल ते हाती घेत नाही. माझ्या मते रक्कम काही हजारांत असेल तर आधी लोकपालच बरा, आणि मनस्तापाची भरपाई, साक्षीपुरावे असा मोठा मामला असेल तर आयोग.

अजून एक प्रकार आहे, आणि तो या सगळ्यांपेक्षा उशिरा कळतो. कार्डच तुम्ही मागितलेलं नसतं, तरी त्याचं बिल येतं. न मागितलेलं कार्ड देऊन ते संमतीशिवाय सुरू केलं आणि त्याचं बिल लावलं, तर कार्ड देणाऱ्या संस्थेने ती रक्कम मागे घ्यायची आणि वर तिच्या दुप्पट दंड ग्राहकाला द्यायचा, असं २०२२ चे निर्देश सांगतात. आणि तुमच्या आधार-पॅनच्या प्रतींवर भलत्यानेच कार्ड काढलं असेल, तर बिलही भलत्याच पत्त्यावर जातं. ते पकडायचा एकच रस्ता म्हणजे पत अहवाल. सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हायमार्क या चारही संस्थांनी वर्षाला एकदा पूर्ण अहवाल मोफत द्यायचा असतो. त्यात तुमच्या नावावरची सगळी कार्डं आणि कर्जं दिसतात. अनोळखी कार्ड दिसलं तर तिथेच दुरुस्तीची मागणी नोंदवा. ३० दिवसांत दुरुस्ती झाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम आहे.

ब्लॉक केलेल्या कार्डाऐवजी नवं कार्ड हाती आलं की ॲपमध्ये परदेशी व्यवहार बंद ठेवा, ऑनलाइन खरेदीची मर्यादा आपल्या गरजेपुरती लावा, आणि टॅप करून पैसे देण्याची सोय लागत नसेल तर तीही बंद करा. जुन्या कार्डावरचे फास्टॅग, वीजबिल, विम्याचे हप्ते नव्या क्रमांकावर जोडून घ्या, नाहीतर पुढच्या महिन्यात विमा खंडित झाल्याचं कळेल. बँकेत नोंदवलेला मोबाइल क्रमांक आज चालू आहे का, तेही पाहा. वडिलांच्या नावाचं कार्ड आणि कधीच बंद पडलेलं जुनं सिम अशी जोडी अजून कित्येक घरांत आहे. त्या घरांत मेसेज येतच नाही, आणि रक्कम कळते ती थेट बिलात. क्रमांक बदलायचा अर्ज शाखेत द्या, कार्ड कंपनी वेगळी असेल तर तिच्याकडेही द्या, आणि जिथे द्याल तिथून त्याची पोच घ्या.